तीन नंबरचा रिमोट

प्रसेनजीतच्या हातात कुठलीही वस्तू दिली की तो ती आधी उलटी करायचा. मिक्सर असो की घड्याळ, खालची बाजू बघितल्याशिवाय वरचं बोलायचं नाही. मुरगूडहून कोल्हापुरात येऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, तिशी ओलांडलेला हा माणूस २००८ साली मंगळवार पेठेत उदयसिंहच्या गेम पार्लरमधले आठ कॉम्प्युटर सांभाळत होता. दोघांची ओळख कॉलेजपासूनची. तरी प्रसेनजीत त्याला मालकच म्हणे.

त्या वर्षी उदयसिंहनं बिनवायरचे कंट्रोलर आणले. पेठेत त्यांना सगळे रिमोटच म्हणत. प्रत्येक रिमोटचा बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर असतो, तो कॉम्प्युटरच्या मागं खोचायचा. एका रिमोटची गाठ एकाच रिसीव्हरशी. दिसायला मात्र आठही जोड्या एकसारख्या, म्हणून प्रसेनजीतनं मार्करनं दोन्हींवर एक ते आठ नंबर घातले होते. दसऱ्याला पार्लरमध्ये फुटबॉल गेमची स्पर्धा ठरली. पेठेत तालमीतालमीचे फुटबॉल संघ, फुटबॉल म्हणजे तालमीची अब्रू, मग ती पडद्यावर का असेना.

आदल्या दिवशी खंडेनवमी. प्रसेनजीत नवे सेल आणायला गेला होता, तेवढ्यात उदयसिंहची आई चिमणाबाई पूजेला आल्या. त्यांनी रिसीव्हर उपसले, सगळं एका परातीत मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. प्रसेनजीत परत आला आणि एकदा चालवून बघतो म्हणाला. चिमणाबाईंनी हात आडवा धरला. पूजेतलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय हलवायचं नसतं, हे त्यांनी त्याला समजावलं. आपल्या घरात हे नसतं, उगाच आपण बोलायला नको, असं त्याला वाटलं. दसऱ्याला त्याची सुट्टी होती. निघताना त्यानं उदयसिंहला सांगितलं, नंबराला नंबर जुळवा, बाकी काही बघायला नको.

दुसऱ्या दिवशी मुरगूडच्या बुद्धविहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना नुकतीच आटोपली होती. वडिलांना, आबांना, तो खुर्ची देत होता तेवढ्यात फोन आला. "ताबडतोब ये," एवढंच म्हणून उदयसिंहनं ठेवला. आबांनी विचारलं, आजच्या दिवशीसुद्धा? तो एसटी गाठायला पळाला.

पार्लरमध्ये वीसेक जण उभे होते. सामना होता तालमीच्या कृष्णातचा आणि उदयसिंहच्या भाच्याचा. कृष्णात तीन नंबरवर बसला, पण त्याची टीम जागची हलेना. सेल संपले असतील म्हणून त्यानं ते बदलले, तोवर भाच्यानं तीन गोल घातले. मग कुणाला तरी दिसलं, की सहा नंबरवर सरावाचा खेळ लावून ठेवलेला होता, त्यातला खेळाडू एकटाच पळत होता. कृष्णात बटण दाबील तसा.

कृष्णात उंबऱ्यातच आडवा आला.

"या पावणं. मी दाबतोय हितं आन पळतंय तिकडं. मालकाच्या भाच्यासाठी सोय केलास आन गावाकडं जाऊन बसलास व्हय?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "पूजेला न्हवता की त्यो."

प्रसेनजीतनं उदयसिंहकडं बघितलं. उदयसिंह मोबाइलवर काहीतरी बघत होता.

प्रसेनजीतनं तीन नंबरचा कॉम्प्युटर ओढला, मागचा रिसीव्हर काढून उलटा केला. नंबर नव्हता. दुसरा काढला, त्यावरही नव्हता. रिमोट पालथे केले. सगळे लख्ख. नाकाशी धरला तर रॉकेलचा वास. पूजेआधी चिमणाबाईंनी विळे-कोयते पुसतात तसं सगळं पुसून घेतलं होतं, आणि नंबर दिसेनात म्हणून सकाळी उदयसिंहनं हाताला येईल तो रिसीव्हर खोचला होता.

त्यानं आठही रिमोटचे सेल काढले. मग एकेक कॉम्प्युटर घेतला: रिसीव्हर खोचायचा, एकाच रिमोटमध्ये सेल घालायचे, दोन्हींवरचं जोडणीचं बटण दाबायचं, दिवा स्थिर झाला की पुढचा. दोन रिमोट एका वेळी जागे राहिले तर गाठ भलतीकडं पडते, म्हणून त्यानं सेल खिशातच ठेवले. त्यात अर्धा तास गेला. सामना पुन्हा झाला. कृष्णात दोन-एकनं हरला आणि जाताना म्हणाला, "आता बसवलं बरोबर. मगाशी कसं काय चुकलं रं?"

गर्दी पांगल्यावर प्रसेनजीतनं कारण सांगितलं. उदयसिंहनं ऐकून घेतलं.

"मला कळालं. पण आईचं नाव चारचौघांत काढायला नको. मशीन बिघडलं म्हणू."

"मशीन बिघडलं म्हटलं की ते माझ्याच नावावर जातंय, मालक. मावशींचं नाव नका घेऊ. पुसताना नंबर गेले, प्रसेनजीतनं काय केलं न्हाय, एवढंच कृष्णातला सांगा. माझ्यासमोर."

"आठ दिवसात इसरतील रं लोक."

"तुम्ही सांगणार का न्हाय?"

उदयसिंहनं लाइट घालवायला सुरुवात केली.

प्रसेनजीत आठ दिवस कामावर आला. रोज कृष्णात यायचा, तीन नंबरवर बसायच्या आधी रिमोट हवेत धरून विचारायचा, आज कुणाचं ऐकतोय ह्यो? सगळे हसायचे. उदयसिंहही हसायचा. नवव्या दिवशी प्रसेनजीतनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मुरगूडची गाडी धरली.

आता मुरगूडच्या बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. काम चोख आहे. पण कोल्हापूरचं गिऱ्हाईक आलं आणि त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिलं, की तो हातातलं काम खाली ठेवतो आणि ते काय विचारतंय याची वाट बघतो.