यादीतून काढलेलं नाव

गोंदियात भैय्यालालच्या छापखान्यात ओमेश्वरी पटले अकरा वर्षं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवत होती. लग्नाच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, निवडणूक आली की पत्रकं. मजकूर काहीही असो, तिचा निम्मा दिवस खालच्या नावांत जायचा. विनीत, निवेदक, समस्त पटले परिवार. या भागात यादीत नाव टाकताना कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर उलट परकेपणा वाटतो. सरपंच, पोलीस पाटील, निवृत्त हेडमास्तर, सगळे आपोआप येतात. नाव आलं म्हणून भांडायला कोणी येत नाही, राहिलं म्हणून येतात. एकदा एक काका छापलेल्या पाचशे पत्रिका परत घेऊन आला होता, कारण त्याचं नाव धाकट्या भावाच्या खाली पडलं होतं.

नाव आलं म्हणून घरावर संकट येतं, हे ओमेश्वरीने एकदाच पाहिलं, आणि ते स्वतःच्याच घरात पाहिलं.

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी, नव्व्याण्णवच्या निवडणुकीत, एका उमेदवाराचा माणूस पत्रक घेऊन आला. मथळा होता, ‘संगणक जाणकारांचे जाहीर आवाहन’. आमचा उमेदवार प्रत्येक हायस्कुलात कॉम्प्युटर आणि इंटरनेट आणणार, असं त्यात लिहिलं होतं. खाली नऊ नावं. त्या काळात गावात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली माणसं शोधली तर नऊच निघाली असती. चौथं नाव झामसिंग पटले, शिक्षक. म्हणजे तिचाच नवरा. तीन महिन्यांचा कोर्स त्याने सायकलने जाऊन-येऊन पूर्ण केला होता. आपल्या माणसाला जाणकारांत धरलं, याचं तिला कौतुक वाटलं. कागदावर ‘झामसींग’ लिहिलं होतं, ते तिने दुरुस्त केलं आणि पत्रक छापायला सोडलं.

सरकारी शिक्षकाने प्रचारात नाव द्यायचं नसतं, ही गोष्ट तिला आठवली ती कारणे दाखवा नोटीस घरी आल्यावर. माझं नाव मला न विचारता छापलं, असा खुलासा झामसिंगने लिहून दिला. नोकरी वाचली, पण बदली झाली देवरीच्याही पलीकडे, जंगलातल्या शाळेत. सात वर्षं तो शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. मुलगा खुमेंद्र अकरावी-बारावी बापाशिवाय शिकला. पत्रक मीच जुळवलं, नाव मी पाहिलं होतं, हे तिने पहिल्याच शनिवारी नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “जाऊ दे.” तिने ती क्षमा समजली. पण एक ओळ खोडली असती तर, हा विचार तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

पुढे खुमेंद्र इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत गेला. दोन हजार आठ साली तो पंचवीस वर्षांचा होता. तिथे एका कंपनीत नेटवर्कचं काम, नोकरीच्या व्हिसावर. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, पण रविवार तर आठवड्यातून एकदाच येतो. म्हणून दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ओमेश्वरी छापखान्याच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव टाकून शोधायची. बहुतेक वेळा कॉलेजचा एक जुना फोटो निघायचा. तो पाहिला की तिला जेवण जायचं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नवंच पान उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एका उमेदवाराला पाठिंबा देणारं तंत्रज्ञांचं पत्र. वर चार लांब परिच्छेद, इंटरनेट हा शब्द जागोजागी. खाली दोनशेच्या वर नावं. ओमेश्वरीची नजर सवयीने थेट खाली गेली. एकशे चाळिसावं नाव खुमेंद्र पटले, नेटवर्क इंजिनिअर.

ऑफिसातल्या कोणी तरी सगळ्यांचीच नावं टाकली असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पोरगा परक्या देशात, त्यांच्या व्हिसावर. उद्या समोरचा पक्ष आला आणि कोणी ही यादी साहेबापुढे ठेवली तर? खुमेंद्रला फोन करणं काही कठीण नव्हतं. पण विचारलं तर ‘मीच सही केली’ असं तो म्हणेल, हे तिला आत कुठे तरी माहीत होतं. म्हणून तिने विचारलं नाही.

“मॅडम, खाना नहीं खाया?” भैय्यालाल काउंटरवरून म्हणाला. “बेटे की फोटो से पेट भर गया क्या?”

“एक मेल लिहून राहिली,” ती म्हणाली.

पानाच्या तळाशी पत्ता होता. तिने बी.ए.च्या इंग्रजीत लिहिलं, की माझ्या मुलाचं नाव नजरचुकीने छापलं गेलं आहे, तो तिथे परदेशी आहे, त्याचं नुकसान होऊ शकतं, तरी नाव वगळावं ही विनंती. खाली ‘खुमेंद्रची आई’ आणि आपलं पूर्ण नाव.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दिलगिरीच्या दोन ओळी. पान उघडून पाहिलं तर एकशे चाळीसवर दुसरंच कोणी होतं. त्या दिवशी ती डबा पुसून जेवली.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. झामसिंग आता गोंदियालगत फुलचूर गावातल्या घरी राहून जवळच्या शाळेत जायचा. तो मोरीपाशी दाढी करत होता.

“आई, तू त्यांना मेल केली?” खुमेंद्रने हॅलोही म्हटलं नव्हतं.

“कोणाले?”

“आई.”

“हो. केली.”

“त्यांनी तुझी मेल मलाच पाठवली. वर लिहिलं, घरून अडचण असेल तर काही हरकत नाही, आम्ही समजू शकतो.”

“मंग चांगलंच लिहिलं ना त्यायनं.”

“चांगलं? ऑफिसातल्या सहा जणांना मी सही करायला लावली. एकेकासोबत बसून. एक जण घाबरून राहिला होता, त्याला म्हटलं, आधी मी करतो, मग तू कर. आता त्याचं नाव आहे अन् माझं नाही. काल तो मला काही बोलला नाही, नुसता पाहून राहिला होता.”

“बाबू, तू तिथं परका माणूस. मले वाटलं, कोणी टाकलं असन.”

“तुला तसं वाटलं नाही. वाटलं असतं तर मला विचारलं असतं. विचारलं काऊन नाही?”

“मंग आता काय करू?” तिने विचारलं.

“तूच लिही आता परत,” तो म्हणाला. “मी लिहिलं तर ते समजतील, आईला मनवून आला. तू लिही, का माझ्या पोराने स्वतः सही केली.” आणि त्याने फोन ठेवला. आजवर तो तिनेच ठेवायची पद्धत होती.

“काय झालं वं?” झामसिंगने विचारलं. एका गालावर साबण तसाच होता.

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. “तुमचं झालं तसं त्याचं होऊ द्यायचं होतं का? तवाच मी ते नाव काढलं असतं तर सात वर्षं तुमी जंगलात कायले राहिले असते?”

झामसिंगने तोंड धुतलं. दाढी अर्धीच राहिली. तो पाटावर बसला आणि टॉवेलकडे पाहत बोलला, “माहं नाव कोणी टाकलं नव्हतं. मीच दिलं होतं.”

“काय?”

“तो माणूस शाळेत आला होता. शाळेत कॉम्प्युटर येईन म्हणे. मले पटलं. म्हटलं, माहं नाव टाक.”

“अन् खुलासा?”

“शिक्षण खात्याच्या साहेबानंच सुचवलं. न विचारता छापलं म्हणून लिहून दे, नोकरी राहीन. तू रडून राहिली होती, पोरगा अकरावीत. दिलं लिहून.” त्याने टॉवेलची घडी घातली. “माह्या शाळेतल्या रामलाल मास्तरचंही नाव होतं त्यात. त्यानं नाही दिलं लिहून. त्याले जास्त भोगावं लागलं. तो माह्याशी बोलत नाही ते काऊन, तू दहादा विचारलं. ते म्हणून.”

“मी नऊ वर्षं समजून राहिली, का माह्या हातानं झालं.”

“मी म्हटलं होतं ना, जाऊ दे.”

“जाऊ दे म्हणजे हे होय का?”

तो उठून शाळेचे कपडे घालायला गेला. ती रडली नाही. रडायला वेळ लागला असता आणि साडेदहाला छापखाना उघडायचा होता. शाळेत जाताना तो दारात घुटमळला, तिने डबा हातात दिला, पण मान वर केली नाही.

“मॅडम, नागरा गाँववालों की शादी की पत्रिका आज चाहिए,” भैय्यालालने आल्या आल्या बजावलं. ती आधी मेल लिहायला बसली. पहिल्या खेपेला ‘गैरसमज’ असा शब्द लिहिला आणि पुसला. गैरसमज नव्हता. दुसऱ्या खेपेला व्हिसाबद्दलची भीती समजावून सांगायला लागली, तर अर्धं पान झालं, तेही पुसलं. शेवटी राहिल्या तीन ओळी. माझ्या मुलाने स्वतः सही केली होती. मी त्याला न विचारता तुम्हाला लिहिलं. त्याचं नाव कृपया परत घालावं. पाठवायच्या बटणावर बोट बराच वेळ थांबलं. नाव परत गेलं आणि खरंच काही झालं, तर या खेपेला ते खरोखर तिच्या हाताने झालेलं असणार होतं. तिने बटण दाबलं.

नाव आलं. नव्याने घातलेलं, म्हणून सगळ्यात शेवटी.

रविवारी फोन आला. तिकडे थंडी सुरू झाली, त्याने नवी रजई घेतली, काम ठीक आहे. प्रत्येक प्रश्नाला एकेक वाक्य. मग म्हणाला, “नाव आलं.”

“पाहिलं.”

पलीकडे कुठे तरी नळ वाहत होता. ती म्हणाली, “बाबू, त्या पत्रात काय लिहिलं हाय? मी नावंच वाचली. वरचं वाचलंच नाही.”

पलीकडचा नळ बंद झाला. “खरंच ऐकायचं का?”

“सांग.”

त्याने हळूहळू सांगितलं. इंटरनेटच्या तारा मोठ्या कंपन्यांच्या आहेत. कोणाचं पान चटकन पोहोचवायचं आणि कोणाचं रखडवायचं, हे त्यांच्या हातात जाऊन राहिलं आहे. तसं होऊ नये म्हणून कायदा हवा, आणि हा उमेदवार तो करू म्हणतो. सांगताना त्याचा आवाज मोकळा होत गेला, वाक्यं लांब झाली. ओमेश्वरीला सगळं नाही तरी बरंच समजलं. समजलं म्हणूनच पुढचा प्रश्न सुचला.

“तुही कंपनी कोणती त्यातली?”

“तारावालीच.”

“तिले हा कायदा पाहिजे का?”

“नाही,” तो म्हणाला. “तिचा विरोध आहे.”

‘नाव काढून टाक’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले, ते तिने तिथेच अडवले. पलीकडच्या खोलीत झामसिंग पेपर वाचायचं सोडून ऐकत होता. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मंग तुमच्या साहेबाले माहीत हाय का?” तिने विचारलं, आणि तो काय सांगतो ते ऐकत उभी राहिली.