पालीच्या पायाला बांधलेली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण समजून घ्यायला येऊ नका. मला ते चालत नाही.

पालघरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची लॅब असिस्टंट होते. माहेर नवापूरचं, घरची होडी. आमचे सर पालींचा अभ्यास करायचे, आणि मला तिटकारा होता तो सरांचा. आजही आहे. एकदा वर्गासमोर म्हणाले, "बाई, तुमच्या हाताचा मासळीचा वास फॉर्मॅलिननेसुद्धा जात नाही." पोरं हसली. मीही हसले — का हसले? अजून विचारते स्वतःला.

सरांना पाली आणून द्यायचा लखमा. डोंगराकडचा शेतकरी, पावसावर नाचणी पिकवणारा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या खडकाच्या फटीत कुठली पाल राहते, हे सरही त्यालाच विचारायचे. तो जागा सांगायचा, मी ती चिठ्ठीवर लिहून पालीच्या पायाला बांधायचे.

त्या दिवशी त्याने दोन पिशव्या आणल्या. एक डोंगरावरची, एक नवापूरच्या किनाऱ्यावरची. डोंगरावरची दाखवून म्हणाला, "अशी पाल मी पयल्यांदाच बगतो, बाई." आणि मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली — डोंगरावरच्या पालीला नवापूरची चिठ्ठी बांधली. हात चुकला म्हणू? नाही चुकला. सर तोंडावर पडावेत — एवढंच हवं होतं मला.

सरांनी बोटांखालच्या पट्ट्या मोजल्या, मांड्यांवरची छिद्रं मोजली. जात नवीन निघाली. दुसरं कुणी आधी छापेल या धास्तीने ते नवापूरला फिरकलेच नाहीत. पालीला नाव दिलं नवापूरचं — माझ्याच गावाचं. शाल-श्रीफळ झालं. टाळ्या मीही वाजवल्या.

मग बाहेरचे अभ्यासक आले. त्यांनी किनारा पालथा घातला. घरातल्या साध्या पालींशिवाय हाती काही लागेना. सरांनी लखमाला लॅबमध्ये बोलावलं.

"चिठ्ठीवर नवापूर आहे. तू सांगितल्याशिवाय आलं?"

"मी डोंगरच सांगितला व्हता, सर. मी खोटा नाय बोललो."

मी बेसिनपाशी बाटल्या विसळत होते. नळ बंद केला असता, एक वाक्य बोलले असते — नाही बोलले.

लखमाने अभ्यासकांना डोंगरावर नेऊन तीच पाल दाखवली. तरी सरांनी दुरुस्ती छापली ती अशी, की आणणाऱ्याने आधी जागा खोटी सांगितली होती. नाव मात्र तेच राहिलं. जागा चुकीची निघाली म्हणून दिलेलं नाव बदलत नाही, असा नियम आहे. सर वाचले. लखमाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. खोटारड्या माणसाला कोण घेईल सोबत?

गेल्या वर्षी तो बोईसरच्या बाजारात भेटला. आता एका कारखान्यात माल चढवतो. केस पिकलेत. बायकोची, शेताची खबर सांगितली, मग सहज विचारावं तसं म्हणाला, "बाई, ती चिठ्ठी तुमीच बांदली व्हती ना?"

मी म्हटलं, "आठवत नाही रे आता."

त्याने मान हलवली आणि गर्दीत निघून गेला. मला सगळं आठवत होतं.