शांत हात

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना योग शिकवणारी ती बाई गळ्यात रुद्राक्ष घालायची आणि थरथरत्या हातांना 'शांत व्हा' म्हणून बजावायची, जणू ते मुद्दामच दंगा करत होते.

तिच्या वर्गात माझे बाबा खुर्ची धरून उभे राहत. नमस्कारासाठी हात सोडले की त्यांचा तोल जाई.

"तुम्ही तर भारतीय! तुम्हाला जमायलाच हवं," ती एकदा म्हणाली.

"बसून केलेला नमस्कार पोचत नाही का, विचार तिला," बाबा मला म्हणाले.

मी विचारलं. "गेनाऊ, बरोबर," असं न ऐकताच म्हणत तिने खुर्चीच बाजूला सरकवली. बाबांनी घाबरून माझी बाही पकडली.

बाबा गेल्यानंतर ती बसस्टॉपवर भेटली. डोळे मिटून तिने हात जोडले. "आता शांत झाले ना त्यांचे हात!"

मी माझे हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत.