बारशाला चालायला लागलेला पाळणा

आमचा नातू बाराव्या दिवशी बैठकीतून निघाला तो थेट स्वयंपाकघरात आला. एकटाच. (पाळण्यासकट!)

तेव्हा मी अगदीच पोरवयात होते. अठ्ठावन्न म्हणजे काही वय आहे? आमचे हे नुकतेच निवृत्त होऊन हौसेनं सुतारकामाला लागलेले. देवासच्या आमच्या घरात पोह्यांतसुद्धा भुसा सापडायचा. धारच्या विहीणबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून सुनेचं बाळंतपण आमच्याकडेच ठरलं. त्यांचा फोन आला, "आमचा चांदीच्या कड्यांचा पाळणा पाठवते हं बारशाला."

हे ताठ झाले. "माझं नातवंड माझ्या हातच्या पाळण्यात निजेल!"

पाळणा झालाही झकास. राहिल्या फक्त खालच्या दोन गोल पट्ट्या, ज्यांच्यावर तो डुलायचा. सरळ काप यांना मस्त जमायचा. गोलाईवर मात्र हात थरथरे आणि करवत भलतीकडे जाई. दोन फळ्या वाया गेल्या. तिसरी मांडीवर घेऊन हे नुसतेच बसून राहिले. मला ते बघवेना.

मग मी काय केलं? भांडले!

"सरका बाजूला! अर्ध्या देवासचे ब्लाऊज शिवलेत मी. गळ्याची गोलाई जमते तिला पाळण्याची जमणार नाही?"

"अगं, हे लाकूड आहे."

"बरंच आहे की! चुण्या पडायची भीती नाही."

मोठ्या परातीच्या कडेवरून वर्तमानपत्रावर आकार काढला, घडी घालून कात्रीनं कापला. इथपर्यंत माझी अक्कल जागेवर होती. मग फळीवर कागद ठेवला, आणि हातानं सवयीनं तेच केलं जे ब्लाऊजला करतात. पुढची पट्टी मागचीपेक्षा अर्धा इंच मोठी कापली! छातीला लागतो ना! (पाळण्याला छाती नसते, हे मला बारशाच्या दिवशी कळलं.)

रिकामा असताना लबाड जागच्या जागी डुलला.

बारशाला बायका जमल्या. विहीणबाई काठी टेकत आल्या. बाळाला निजवलं, पाळणा म्हणायला सुरुवात झाली. पहिला झोका, आणि पाळणा चार बोटं सरकला. दुसऱ्याला वीतभर. डोक्याकडची बाजू पुढे काढत, वळत वळत स्वारी निघाली. आता गाणं अर्धवट कसं सोडायचं? बायका गात गात मागे!

आमचे चिरंजीव हिंदी शाळेत शिकलेले. ओरडले, "आई, पाळणा तो चल पड़ा!"

"अरे, मग धर ना!"

"कैसे धरू? बीच में सासूबाई आहेत!"

मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. पाळणा आला आणि माझ्या पायांना टेकून थांबला. आत नातू गाढ झोपलेला!

विहीणबाईंनी काठीनं पट्टीवर टकटक केलं. "या कापल्या कुणी?"

मी तोंड उघडणार, तोच हे पुढे झाले. "मी. गोलाई जरा चुकली." थरथरता हात पाळण्यावर, आणि चेहऱ्यावर काय ऐट!

"खोटं बोलताहेत! मी कापल्यात!"

"भांडू नका हो," विहीणबाई खाली वाकून बघत म्हणाल्या. "आमच्या चांदीच्या कड्यांत तुमची सून तान्हेपणी अख्खा पावसाळा रडली होती. हा बघा कसा निजलाय. राहू द्या हाच पाळणा."

पुढे नातवानं त्या पट्ट्या काढून तलवारी खेळून मोडल्या. नात व्हायच्या वेळी सून म्हणाली, "आई, तसाच हवा. चालणारा."

या वेळी मी चष्मा लावला, फूटपट्टी घेतली, अर्धा इंच मोजून वाढवला. ह्यांनी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, कडेवरून हळूच बोट फिरवलं आणि हसायलाच लागले. अर्धा इंच मी दोन्हींना वाढवला होता. तंतोतंत सारख्या!

जन्मभर शिवलेल्या एकाही ब्लाऊजच्या दोन बाह्या मला इतक्या सारख्या आल्या नव्हत्या.