हँडल गेलं की गाडी गेली

आमचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. लोकांना नीट दिसावं याची जबाबदारी या गृहस्थांवर, आणि यांनी स्वतःच्या मोटारसायकलचे दोन्ही आरसे काढून माळ्यावर टाकलेले. कारण आरसे फटीत अडकतात. फट म्हणजे दोन गाड्यांच्या मधली. रांगेत थांबणं दाजींना कमीपणाचं वाटतं.

मी बस चालवतो. वरून असले महाभाग रोज दिसतात. हेल्मेट कोपराला लटकवून माझ्या आणि शेजारच्या ट्रकच्या मधून सुळकन निघतात आणि पुढच्या सिग्नलला माझ्याच पुढे उभे राहून मागे वळून बघतात. मोठा तीर मारलेला असतो ना. दाजी त्यांतले मुकुटमणी. आरसे काढून भागेना, तेव्हा त्यांनी गॅरेजात जाऊन हँडलची टोकंच कापून घेतली, थोडं इकडून, थोडं तिकडून. मेकॅनिक नको म्हणत होता. त्याला काय कळतंय, हे दाजींनी मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं.

"साधा हिशोब आहे, दादा. हँडल गेलं की गाडी गेली."

"आणि मधे असताना सिग्नल सुटला तर? कुणी दार उघडलं तर?" मी म्हणालो. "थांबलेल्या गाड्यांतून हळू जा, एक वेळ समजू शकतो. त्यांच्या पुढच्या चाकांवर नजर ठेवा, चाक वळलं की गाडी वळणार. आणि सुटल्यावर घुसू नका."

"तुम्हा बसवाल्यांना फट कधी मिळतच नाही. म्हणून जळता तुम्ही."

घ्या. यांच्यावर मी जळतो.

खरं सांगायचं तर यांची मला काडीची काळजी नव्हती. काळजी होती ती मागच्या सीटची. बहीण गणवेशाच्या कारखान्यात कापड कापते, दिवसभर टेबलाशी उभी राहून. तिला सोडायला दाजी रोज जात, याच गाडीवरून, याच फटींतून. बसने जात जा, असं मी तिला हजारदा सांगितलं.

"त्यांना वाईट वाटेल रे," ती म्हणायची.

सगळ्यांची मनं सांभाळायचा मक्ता हिनेच घेतला होता. मला त्याचाही राग यायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. सिग्नलला एक व्हॅन आणि एक टेम्पो शेजारी शेजारी उभे होते. सिग्नल सुटला, गाड्या हलल्या, तरी दाजी मधे घुसले. टेम्पो जरासा सरकला. कापलेलं हँडल अलगद पार झालं. पण मागे बसलेल्या माणसाला गुडघे असतात, आणि हँडल एवढं अरुंद केलं की ते गुडघे त्याच्याही बाहेर येतात. दिवसभर काचा मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढं आलं नव्हतं. टेम्पोच्या बाजूच्या फाळक्याला असलेल्या लोखंडी कडीने बहिणीचा गुडघा फोडला.

ऑपरेशन झालं. चालता येईल, डॉक्टर म्हणाले, पण गुडघा आता अर्धाच वाकेल.

दाजी खाटेपाशी उभे राहून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हातांनी जागा दाखवत होते. "एवढी फट होती. गाडीला साधा ओरखडा नाही. हिनेच पाय आत घ्यायला हवे होते." एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. बहिणीसमोर तमाशा नको म्हणून बसून राहिलो.

तिने सगळं ऐकून घेतलं, नेहमी घ्यायची तसंच. मग मान माझ्याकडे वळवली.

"दादा, तुझ्या बसची पहिली पायरी किती उंच असते रे?"

रोज मी त्या पायरीवर माणसांना धापा टाकत चढताना बघतो. चांगली तरणी माणसंही दांडा धरून चढतात.

"फार नाही गं," मी म्हणालो. तेवढ्यात आणखी कुणीतरी भेटायला आलं आणि दाजींनी पुन्हा दोन्ही हात वर केले.