उपयोगाचे विषय

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय निवडायचे होते, तेव्हा वर्गातल्या पोरींना दोनच चिंता होत्या: पेपर सोपा कुठला आणि तास सकाळचे कुठले. मला घरून तिसरीच सूचना होती. आत्ती म्हणायची, उपयोगाचं काय आसंल ते घे.

आत्ती म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आमचं गाव नेसरीजवळ. बारावी झाल्यावर अप्पांनी मला शिकायला तिच्याकडे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत आणून सोडलं. तिचे यजमान गुळाचे अडते. शेतकऱ्यांचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, त्यांच्या दुकानात यायचे, सौदे व्हायचे, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत धंदा जोरात होता. मूल एकच, माझ्याहून बराच मोठा मुलगा. तो बापाबरोबर दुकानात बसायचा. आत्तीनं मला कधी भांड्याला हात लावू दिला नाही. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मलाही तसंच वाटायचं, खुळीच होते मी.

मला संख्याशास्त्र घ्यायचं होतं. पहिल्या वर्षी आमच्या सरांनी पेपरात येणारे पंचगंगेच्या पाणीपातळीचे आकडे फळ्यावर मांडले आणि उद्याचा आकडा काय असेल ते आमच्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर पाणी जवळपास तिथंच! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

जेवताना मी हे सांगितलं. आत्ती वाढता वाढता म्हणाली, त्यापेक्षा हिशेबतपासणी घे, करांचं घे, सहकाराचं एक हाय ते घे, बाजार समितीत कामाला येतंय. मी बघतच राहिले. चौथी शिकलेली बाई, हिला माझ्या कॉलेजातले विषय कसे ठाऊक? मग कळलं, मुलाला पाठवून तिनं आधीच चौकशी करून घेतली होती. किती काळजी करतात माझी, असं मनात आलं आणि मला भरून आलं. आता आठवलं की स्वतःच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटतात.

तिन्ही विषय तिच्याच मनाचे घेतले. तास अकराला संपायचे. मग आत्तीच म्हणाली की तिथनं सरळ दुकानावर जात जा, समदं काम नजरेखालनं जाऊ दे. मी जाऊ लागले. मी आत पाय टाकला की म्हातारे दिवाणजी उठून उभे राहायचे. एकदा मलकापूरकडच्या एका शेतकऱ्यानं मामांना विचारलं, ह्या कोण? मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, म्हणाले, घरच्याच हायेत. हमाल एकमेकांकडे बघून हसले आणि मामांनी डोळे वटारताच गप्प झाले. मला ते हसू आवडलं नाही. का, ते मात्र कळेना.

राखी पौर्णिमेला कळलं. महाद्वार रोडवरून मी एक छानशी राखी आणली होती. सकाळी ताट केलं, निरांजन लावलं आणि आत्तीच्या मुलाला हाक मारली, दादा, पाटावर बसा की. तो आला नाही. आत्ती आली. तिनं ताटातली राखी उचलून कमरेच्या पिशवीत घातली.

"त्याला बांधायची न्हाय," ती म्हणाली. "आन् दादा बी म्हणू नगंस आता."

एवढं बोलून ती तव्यावरची चपाती उलटायला गेली. आमच्याकडे भावाची मुलगी बहिणीच्या घरात सून म्हणून देतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण ते दुसऱ्यांच्या पोरींचं. मी तर शिकत होते.

त्याच आठवड्यात अप्पा आले. मी त्यांना बाहेर गाठून म्हटलं की मला हे नको, मला माझ्या मनाचा विषय घेऊन शिकायचंय. अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"विषय तुझ्या मनानं घे की. दुसरं ठरलंय, ते तू पाळण्यात हुतीस तवाच."

मी तणतणत कॉलेजात गेले, एक विषय बदलला, संख्याशास्त्र घेतलं. तास दुपारचा, दुकान बुडणार. म्हटलं, आता भडका उडू दे एकदाचा. कसला भडका! मामा म्हणाले, चांगलं हाय की, दुकानात कॉम्प्युटर घ्यायचाच हाय, आकड्यातलं माणूस लागंलच. आत्तीनं माझ्या भातावर तूप जरा जास्तच वाढलं. त्या रात्री मला खरी भीती बसली. काहीही शिकले तरी ते त्या घराच्या कामाचंच होणार होतं.

पुढं सोनार येऊन माझ्या मनगटाचं माप घेऊन गेला. आत्ती म्हणाली, आसंच. माडीवरच्या खोलीला रंग लागला. मला रंग कुठला हवा, हेही विचारलं. घरात सगळे माझ्याशी इतके गोड वागत होते की मला अन्न जाईना.

शेवटी सरांकडे गेले. पोरं त्यांना कुठल्या विषयात मार्क पडतात ते विचारायची. मी विचारलं, "सर, कोल्हापुरात शिकवतच नाहीत असं काय आहे?"

घरात काय चाललंय, ते सरांनी विचारलं नाही. म्हणाले, संख्याशास्त्र मुख्य विषय धरून बी.ए. करायचं तर इथं सोय नाही, पुण्यात आहे. पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. मुलींचं हॉस्टेल आहे. अर्जावर पालकांची सही लागते, आईची चालेल.

मेपर्यंत मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुकानावर गेले, गोड हसले. सुट्टीत गावी आले, अप्पा बाहेर पडल्यावर अर्ज घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि अव्वाला सगळं सांगितलं. अव्वा, माझी आई, नणंदेपुढं कधी मान वर करून बोलली नव्हती. आताही ती ऐकत होती आणि भाकरी थापत होती. मला वाटलं, संपलं. तिनं भाकरी तव्यात टाकली.

"कोल्हापूरपास्नं लांब हाय न्हवं?"

"हाय."

"मग आण हिकडं."

तिनं पदराला हात पुसले. बाहेर अप्पांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. अव्वानं दाराकडं पाहिलं, पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर जोडत ती आपलं पूर्ण नाव लिहू लागली.