सात बंदुकांच्या दुर्बिणी

बंदुकीवरच्या दुर्बिणीतलं माझ्या मेव्हण्याइतकं ज्ञान अख्ख्या कतारात दुसऱ्या कुणाला नाही, आणि या गड्यानं जन्मात एकदाही बंदूक चालवलेली नाही. बंदूक लांबची गोष्ट, त्याच्या हातून झुरळ मरत नाही. झुरळ निघालं की हा त्याच्यावर पेला पालथा घालतो, खालून पुठ्ठा सरकवतो आणि चार मजले उतरून त्याला मुंतझा भागातल्या रस्त्यावर सोडून येतो. मी म्हटलं, अरे, ते तुझ्या आधी वर पोचतंय. तर म्हणतो, "पोचू द्या की दाजी, त्याचं पण घर हाय." असला माणूस गेली बावीस वर्षं दोह्यात शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात उभा आहे. तंबू, थर्मास, ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या आणि काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या दुर्बिणी. अरब लोक लांबून त्याला विचारायला येतात. त्यांना वाटतं, हिंदुस्थानात यानं वाघबिघ मारले असतील. यानं कधी तसं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं तर नाकारलंही नाही. नुसता डावा डोळा मिटतो.

तो डावा डोळा आता मिटूनच राहिलाय म्हणा. चहाचा कप हातात घेतला तरी एका डोळ्यानं बघणार. भाजीवाल्याकडं कोथिंबिरीची जुडी लांब धरून, जवळ धरून, एका डोळ्यानं पास करणार. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणायची, "याला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा पण असाच बघत होता, तिला वाटलं डोळा मारतोय." लग्न काही जमलं नाही. एकदा दिवाळीला आमच्याकडं आला आणि बरोबर आणलेल्या तीन दुर्बिणी बिनबोभाट फ्रीजरमध्ये ठेवून दिल्या. गारठवून उन्हात काढल्यावर काचेला आतून धुकं धरतं का, ते बघायचं होतं. आमची हिनं मटार काढायला हात घातला तर हाताला दुर्बीण. बाहेर आणून त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "हिला फोडणी देऊ का रस्सा करू?" हा शांतपणे म्हणाला, "आक्का, अजून धा मिनिटं राहू दे, मग काय ते कर."

मी स्वतः लेथवरचा माणूस. सातवी नापास. इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये शाफ्ट आणि बुश काढण्यात जन्म गेला. कुणाला शहाणा म्हणायची मला सवय नाही, पण धंद्यात हा माणूस शहाणा, हे मान्य करतो. गिऱ्हाईक आलं की आधी दुर्बीण दाखवतच नाही. कुठं जाणार, किती लांबून मारणार, गाडीतून का पायी, सगळं विचारून घेणार. एकदा पुण्याचा एक आयटीतला पोरगा आला. फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच सगळ्यात वरच्या रांगेतून बघायची म्हणून त्याला स्वस्तातला स्कोप पाहिजे होता. यानं त्याला हात धरून दाराबाहेर नेलं आणि म्हणाला, "बाळा, बंदुकीची दुर्बीण घेऊन स्टेडियमला गेलास तर मॅच तुरुंगात बघशील. साधी दोन डोळ्यांची घे."

स्वस्त घ्यावी का मधल्या किमतीची घ्यावी, हा त्याच्या दुकानातला रोजचा प्रश्न. त्याचं उत्तर ठरलेलं. "स्वस्तातली दुर्बीण वाईट नसती दाजी, विसरभोळी असती. आज सांगितलेलं आज ध्यानात ठेवती. बंदुकीचे चार धक्के बसले की विसरती." मधली? "मधली मापात शहाणी." आणि महागडी? "ती ज्याची बंदूक भिंतीवर टांगलेली असती त्याच्यासाठी." मी म्हटलं, तुला काय रे एवढं, तू थोडाच मारायला जाणार आहेस. तेव्हा पहिल्यांदा त्यानं दोन्ही डोळ्यांनी बघितलं. म्हणाला, "मारायचं तर नीट मारावं. अर्धं मारून डोंगरात तडफडत सोडलं, तर त्याचं पाप दुर्बीण विकणाऱ्याला."

आता मुख्य गोष्ट. वर्ल्ड कपच्या तयारीत हे शहर असं खणलं गेलं की काल होता तो रस्ता आज नाही. मेव्हण्याच्या दुकानापुढं तर विहीर खणावी तसा खड्डा आणि भोवती पत्रे. गिऱ्हाईक येणार कुठून. आठ महिने असंच चाललं. मग त्याच्या अरबाबानं, म्हणजे मालकानं, स्पष्ट सांगितलं: एक म्हातारा शिकारी आहे, जुना माणूस, पाहुण्यांना घेऊन परदेशी डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला निघालाय. सात बंदुका, सात दुर्बिणी. तो फक्त तुझा शब्द मानतो. हा सौदा नीट झाला तर दुकान दुसरीकडं हलवू आणि तुझा व्हिसा वाढवू. बिघडला तर खलास, शटर खाली, तू घरी.

मेव्हणा घरी गेला असता तर त्याचं काही अडलं नसतं, गावाकडं त्याला खोली आहे. अडलं असतं माझं. आमची ही जाऊन दीड वर्ष झालं. पोरगी म्हणते, बाबा, सांगलीला या. जाऊन काय करू? ती तिथं नाही, इथंही नाही. इथं निदान लेथ आहे. पण मला दाजी म्हणणारं या शहरात एकच तोंड होतं, आणि ते जाऊ नये असं मला वाटत होतं. तसं त्याला बोलून दाखवलं नाही. बोलायची गोष्ट आहे का ती.

तर हा दर शुक्रवारी करतो तसा पिशवीत दुर्बिणी घेऊन आमच्या गच्चीवर आला. त्याची परीक्षा सोपी असते. दुर्बिणीच्या आत केसासारखी बारीक फुली असते. दुर्बीण गच्चीच्या कठड्याला क्लॅम्पनं आवळायची आणि फुली लांबच्या एखाद्या खुणेवर आणायची. मग फुली सरकवायच्या चकऱ्या फिरवायच्या. वीस टिक वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं. चौकोन पुरा झाला की फुली परत त्याच खुणेवर आली पाहिजे. आली तर पास. स्वस्तातला माल त्यानं आदल्या शुक्रवारीच तपासला होता, समोरच्या बिल्डिंगवरच्या डिश अँटेनाची खूण धरून. सगळा पास. रबरी हातोडीनं ठोके देऊन बघायचं तेवढं राहिलं होतं. नमाजाची वेळ झाली होती आणि त्या वेळी तो ठोकाठोक करत नाही.

या शुक्रवारी मधल्या किमतीच्या बारा दुर्बिणी. पण समोरची बिल्डिंग आता पाहुण्यांसाठी रंगवायला काढलेली, वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. डिश गायब. म्हणून यानं पलीकडच्या टॉवरवरची क्रेन धरली. तिच्या आडव्या हाताच्या टोकाला लाल दिवा असतो, ती खूण.

मी आमटीभात करून त्याला बोलवायला वर गेलो, तर हा बाराही दुर्बिणी ओळीनं मांडून, मयताला बसावं तसा बसलेला. म्हणाला, "सगळा माल बाद, दाजी. एक न्हाय, बाराच्या बारा डावीकडं पळत्यात. बनवणाराच डावरा असणार."

"म्हाताऱ्याला काय सांगणार?"

"सांगितलं. आत्ताच फोन केला. म्हटलं मधल्या घेऊ नका, बेकार हायेत, स्वस्तातल्याच न्या."

मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि टॉवरकडं बघितलं. माझा डोळा दुर्बिणीचा नाही, पण क्रेनचे बुश मी चाळीस वर्षं काढतोय. म्हटलं, "तुझी खूण कुठली?"

"तो लाल दिवा."

"येड्या, आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"शुक्रवारी सुट्टी, क्रेनवर माणूस नसतो. नसला की तिचा ब्रेक सोडून ठेवतात, नाहीतर वाऱ्यात पडेल. वारा जाईल तिकडं ती तोंड फिरवते. दुर्बिणी नाही पळत, क्रेन पळतीय."

त्याचा विश्वास बसला नाही. बावीस वर्षांचा जाणकार तो. मी म्हटलं, खाली बस. त्या लाल दिव्यामागं मशिदीचा मिनार दिसत होता. दोघं कठड्याला टेकून, उघड्या डोळ्यांनी बघत बसलो. पाच मिनिटांत दिवा मिनाराच्या डाव्या अंगाला होता तो मधे आला. अजून थोड्या वेळानं उजव्या अंगाला गेला, म्हणजे फुली डावीकडं राहणारच. खाली आमटी गार झाली. मेव्हण्यानं कठड्याचा क्लॅम्प सैल केला. मग हळूच म्हणाला, "कतारात एक गोष्ट जाग्यावर राहील तर शपथ."

"फोन कर म्हाताऱ्याला."

"बावीस वर्षांत शब्द फिरवला न्हाय मी. अरबाब काय म्हणंल? ह्याला क्रेन हलताना दिसत न्हाय आणि ह्यो दुर्बिणी विकतो. व्हिसा गेलाच समजा."

"जाऊ दे गेला तर. त्या स्वस्तातल्या सात डोंगरात विसरल्या तर बोकड तडफडेल का नाही? मग?"

व्हिसा गेला तर तो जाणार, हे मला कळत होतं. पण खोटं बोलून त्याला इथं ठेवून घेण्यात मला रस नव्हता.

शनिवारी सकाळी त्याला वर्कशॉपला नेलं. लेथचा बेड सिमेंटात रुतलेला, हत्तीनं ढकलला तरी हलणार नाही. समोर गेटच्या खांबावर मी वेल्डिंगचा एक ठिपका मारून दिला. बारा दुर्बिणींतल्या अकरा फिरून बरोबर ठिपक्यावर आल्या, एक तेवढी खरंच बाद निघाली. मग दोन्ही मालांना रबरी हातोडीचे तीस-तीस ठोके. मधल्या जागच्या जागी. स्वस्तातल्या ठिपका सोडून पार बिजागरीकडं बघायला लागल्या. मेव्हण्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "यल्ला दाजी, चला माझ्याबरोबर. एकट्यानं जायला लाज वाटती."

म्हातारा शिकारी आपल्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, गादीवर बसला होता. शेजारी मेव्हण्याचा अरबाब आधीच हजर, कपाळाला आठ्या. मेव्हण्यानं कॉफी घेतली नाही. उभा राहून म्हणाला, "बाबा, गलती मेरा है. मैं क्रेन का निशान पकडा. क्रेन चल रहा था, मैं समझा दुर्बीन खराब है. बीचवाला लो. सस्तावाला मत लो, पहाड़ में भूल जाएगा."

अरबाबानं डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यानं माळेचे मणी ओढायचे थांबवले.

"ये क्रेनवाली बात कितने आदमी को मालूम?"

"आप, अरबाब, और ये मेरा दाजी."

"तो हम तीन आदमी हँसेगा. बाकी लोग को नहीं बोलना," म्हातारा म्हणाला आणि असा हसला की त्याला खोकला लागला. मग सात बोटं दाखवून म्हणाला, "बीचवाला."

बाहेर आल्यावर अरबाबानं मेव्हण्याचा खांदा थोपटला. व्हिसाचं बघू, इन्शाल्ला, म्हणाला. मग माझ्याकडं वळून त्यानं जरा वैतागूनच विचारलं, "दुकान के गोडाऊन में पक्का बेंच है, सिमेंट का. दस साल पहले इसी ने बोलके बनवाया. फिर ये हर जुम्मा सामान उठाके तुम्हारे छत पर क्यों जाता है?"

मला काय माहीत. मी मेव्हण्याकडं बघितलं. तो वाकून चपलेचा अंगठा नीट करत होता. म्हणाला, "गच्चीवर उजेड बरा असतो, दाजी." बसमध्ये बसल्यावर मनात मोजलं. आक्का होती तेव्हा हा आमच्याकडं फक्त सणावाराला यायचा. दर शुक्रवारी यायला लागला तो तिचे दिवस झाले त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. इतके शुक्रवार मी त्याला वाढत होतो आणि मनात म्हणत होतो, बिचारा एकटा आहे, मी नसतो तर जेवला कुठं असता.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. दार उघडलं तर हा उभा. दोन्ही हात रिकामे, ते कुठं ठेवावेत कळत नसल्यासारखा. जिन्याकडं बघत म्हणाला, "दाजी, दुर्बिणी खपल्या. नवा माल पुढच्या महिन्यात येतोय."

मी म्हटलं, "हात धू. भात निवतोय."